गद्य गाळू नका: आल्बर्ट लोर्त्सिंग ऐकताना

जर्मन ऑपेरा ऐकायला कुठून सुरुवात करायची, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: वाग्नर, एकोणिसाव्या शतकातला बडा जर्मन संगीतकार. मग माणूस चार तासांचं काहीतरी लावतो, पाऊण तासानं पंखा वाढवतो आणि दीड तासानं बंदच करतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर पाऊण तासही पुष्कळ झाला. यात दोष ना ऐकणाऱ्याचा, ना वाग्नरचा. दार चुकलेलं असतं, एवढंच.

ज्यांच्या कानावर लहानपणापासून नाट्यपदं पडली आहेत त्यांच्यासाठी दुसरं दार आहे, आणि ते बरंच ओळखीचं आहे. जर्मन संगीतकार आल्बर्ट लोर्त्सिंग, 1801 ते 1851. याच्या ऑपेरात पात्रं बोलतात. सरळ गद्यात बोलतात, भांडतात, विनोद करतात, आणि बोलणं जिथं पुरं पडत नाही तिथं गातात. जर्मन भाषेत या जुन्या प्रकाराला ‘झिंगश्पील’ म्हणतात, म्हणजे शब्दशः गाण्याचा खेळ. लोर्त्सिंगच्या विनोदी ऑपेरांना ‘श्पीलओपर’ म्हणतात. त्यातही तोच ‘खेळ’. नाटकाच्या प्रयोगाला आपणही खेळच म्हणतो. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं तेव्हा मराठी प्रेक्षकासमोर जी घडण आली, त्या घडणीत लोर्त्सिंग चाळीस वर्षं आधी लाइपझिगमध्ये काम करत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण गद्य संपून पद कुठं सुरू व्हावं, याचं त्याचं गणित आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्याबद्दल दोन गोष्टी धरून ठेवल्या की बाकी सगळं जागेवर बसतं. तो आधी नट होता, संगीतकार नंतर. आणि ज्या मंडळीसाठी तो लिहायचा तिचा तो नोकर होता, मालक कधीच नव्हता. त्याच्या लिखाणाचे सगळे गुण पहिल्या वाक्यातून आले, आणि आयुष्याची सगळी परवड दुसऱ्यातून.

जन्म बर्लिनचा, 23 ऑक्टोबर 1801. वडिलांचा चामड्याचा धंदा होता, पण आईवडील दोघंही हौशी नाटकवाले. धंदा बसला तेव्हा त्यांनी हौसेलाच पोटापाण्याचा उद्योग केलं आणि फिरत्या मंडळ्यांत शिरले. पोरगा त्यांच्याबरोबर गावोगाव. शिक्षण म्हणाल तर बर्लिनमध्ये रुंगेनहागेन या संगीतशिक्षकाकडे थोडे धडे, बाकी सगळं विंगेत उभं राहून. बालनट, मग तरुण प्रेमिक, मग विनोदी गायक नट. 1824 साली रोझिना आलेस या नटीशी लग्न झालं. पुढे अकरा मुलं झाली. 1826 पासून डेटमोल्डच्या दरबारी रंगभूमीवर दोघंही नोकरीला होते. तिथं हा अभिनय करायचा, गायचा, आणि वाद्यवृंदात माणूस कमी पडला तर चेलो घेऊन बसायचा. 1829 साली ग्राबे या नाटककाराचं ‘डॉन जुआन आणि फाउस्ट’ डेटमोल्डला पहिल्यांदा झालं. त्याचं संगीत लोर्त्सिंगचं आणि डॉन जुआनची भूमिकाही त्याचीच. 1833 मध्ये तो लाइपझिगला आला आणि पुढची अकरा-बारा वर्षं तिथंच रमला. चांगलं म्हणावं असं बहुतेक सगळं तिथं लिहून झालं.

नाटकाचे शब्दही तो स्वतःच लिहायचा. कुठलं तरी रंगमंचावर चाललेलं जुनं गद्य नाटक घ्यायचं, त्याची हाडं ठेवायची आणि गाण्याच्या जागा आपल्या हातानं पाडायच्या. समोर मंडळी असायची ती रोजची. कुणाचा खर्ज चांगला, कोण भरभर शब्द टाकतो, कुणाला वरचा सूर टिकत नाही, हे त्याला पाठ. म्हणून त्याच्या भूमिका गळ्याला फार ताण देत नाहीत. जिभेला आणि चेहऱ्याला मात्र पुष्कळ देतात. मोठे गायक इथंच घसरतात.

‘झार आणि सुतार’

सुरुवात याच ऑपेरापासून करा. पहिला प्रयोग लाइपझिगला, 22 डिसेंबर 1837. दोन पीटरांपैकी इवानोवची भूमिका खुद्द लोर्त्सिंगनं केली. लाइपझिगमध्ये बेताचंच स्वागत झालं. 1839 मध्ये बर्लिनला प्रयोग झाला आणि मग जर्मन भाषेच्या सगळ्या रंगमंचांवर ते पोचलं.

मूळ गोष्ट एका फ्रेंच नाटकातली. त्याच गोष्टीवर दोनिझेत्ती या संगीतकारानंही 1827 मध्ये इटालियन ऑपेरा केला होता. रशियाचा झार पीटर द ग्रेट वेश पालटून हॉलंडमध्ये जहाजबांधणी शिकतोय. हे इतिहासातलं खरं आहे: 1697 च्या उन्हाळ्यात तो झानडामला राहिला होता आणि ते लाकडी घर आजही जपून ठेवलंय. नाटकात गावाचं नाव सारडाम आणि साल 1698. त्याच गोदीत दुसरा एक पीटर आहे, पीटर इवानोव, रशियन सैन्यातून पळालेला. गावचा बर्गोमास्टर वान बेट, म्हणजे नगराध्यक्षच म्हणा. त्याची पुतणी मारी. इवानोव तिच्या प्रेमात. आणि तीन राजदूत: रशियाचा लेफोर्ट, इंग्लंडचा सिंडहम, फ्रान्सचा शातोनफ. सगळ्यांना झार हवाय. फ्रेंचाला खरा सापडतो. इंग्रज आणि वान बेट चुकीच्या पीटरला झार समजून बसतात.

नुसतं ऐकताना पहिला घोटाळा इथंच होतो: दोन पीटर ओळखू येत नाहीत. खूण सोपी आहे. झार बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा भरदार आवाज. इवानोव हलका टेनर, चढा आणि जरा घाबरट. वान बेट खर्जातला बास. फ्रेंच राजदूतही टेनरच, पण त्याच्या ओळी लांब आणि गुळगुळीत, इवानोवच्या तुटक. सुरुवातीला चौघांचीही पाच-पाच मिनिटं ऐकून हे चार आवाज कानात बसवून घ्या, मगच पहिला अंक लावा.

पहिल्या अंकात वान बेटचं प्रवेशगीत आहे, ‘ओ सांक्टा युस्टिसिया’. ‘हे पवित्र न्यायदेवते’ असं लॅटिनमध्ये सुरू करून हा माणूस स्वतःची अक्कल गातो. इथल्या शब्दांत गंमत अशी की तो ‘-ईरेन’ शेवटाची परक्या वळणाची क्रियापदं एकामागून एक फेकत जातो: बॉम्बार्डीरेन, रात्सिओनीरेन, एक्स्पेक्टोरीरेन. अर्थ जुळतो का, याची त्याला फिकीर नाही. खाली बसून फगॉट, म्हणजे खर्जात वाजणारं लाकडी फुंकवाद्य, त्याला वाकुल्या दाखवत राहतं. याचं मराठी करताना शब्दशः भाषांतर केलं तर विनोद मरतो. आपल्याकडं हा माणूस कचेरीच्या मराठीतच बोलेल: ‘सबब सदरहू इसमास समक्ष हजर ठेवून उपरोक्त बाबीचा मजकूर दाखल दप्तरी घेणेत यावा.’ सोलापुरात तर एकाच वाक्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी येऊन जाते. प्रतिष्ठेसाठी परका शब्द वापरणारा माणूस इथं कुणाला नवा नाही.

हे गीत बिघडतं कसं? दोन प्रकारे. एक, गायक पहिल्या ओळीपासून विदूषक होतो. वान बेटला आपण मूर्ख आहोत हे माहीत नसतं. तो गंभीर राहिला तरच हसू येतं. गायक डोळे मिचकावायला लागला की प्रेक्षक शांत होतो. दुसरं, लय. खर्जात शब्द स्पष्ट यायला वेळ लागतो. खालच्या सुरात व्यंजनं वाद्यांच्या आवाजात बुडतात. लय थोडी जास्त झाली की ‘रीरेनरीरेन’ असा एक गोळा ऐकू येतो. चांगला गायक जलद भागात आवाज मोठा करत नाही, उलट कमी करतो, आणि व्यंजनं पुढं काढतो. 1966 च्या ड्रेस्डेन ध्वनिमुद्रणात गोटलोप फ्रिक हे कसं करतो ते लक्ष देऊन ऐका: आवाज प्रचंड, पण प्रत्येक ‘ट’ वेगळा.

याच अंकात वान बेट गोदीतल्या कामगारांतून ‘पीटर’ नावाचा परदेशी शोधायला निघतो, तर पीटर एक नाही, अनेक निघतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत ‘सिद्धाराम’ अशी हाक मारली तर काय होईल, तेच.

दुसऱ्या अंकात लग्नाच्या जेवणावळीचा गोंगाट आहे आणि त्यात शातोनफचं गाणं, ‘निरोप घेतो, माझ्या फ्लँडर्सच्या मुली’. टेनर मंडळींचं लाडकं गाणं. ते एकटं काढून गायलं की विरहगीत होतं. नाटकात मात्र हा गडी मारीवर सरळ लाइन मारतोय आणि बाजूला इवानोव जळतोय. आधीचं गद्य गाळलं की हे कळतच नाही. उरते ती गोड चाल.

पण या अंकातली खरी कारागिरी सहा पुरुषांच्या षट्कात आहे. दोन टेबलं. एकीकडं झार, लेफोर्ट, शातोनफ: खरं राजकारण. दुसरीकडं वान बेट, सिंडहम, इवानोव: खोट्या झाराशी खोटं राजकारण. वाद्यवृंद बाजूला सरतो आणि सहा आवाज कुजबुजत एकमेकांत विणले जातात. एक धागा खालून, एक वरून. मागावर बसलेल्या माणसाला हे कान न लावताही समजेल. बिघडण्याची जागा: वाद्यांचा आधार नसल्यानं सहा जण हळूहळू सुरात उतरतात, आणि वाद्यवृंद परत आला की सगळ्या सभागृहाला कळतं. आपल्याकडं तंबोरा मागं असतो म्हणून हा धोका चटकन लक्षात येत नाही. तालमीत दर काही ओळींनी पेटीवर एक सूर तपासून घ्यायचा, एवढाच उपाय.

तिसरा अंक नगरभवनात. वान बेटनं झारच्या स्वागतासाठी स्वतः एक कॅन्टाटा रचलाय, म्हणजे स्वागतगीत, आणि तो गावकऱ्यांच्या कोरसाची तालीम घेतो. शाळेत पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ‘स्वागतम्’ बसवणारे मास्तर डोळ्यांसमोर आणा. कोरस चुकतो, उशिरा उचलतो, भलत्या शब्दावर थांबतो. वान बेट समजावतो, स्वतः गाऊन दाखवतो आणि आणखी बिघडवतो. ऐकायला हा गोंधळ, पण स्वरलिपीत प्रत्येक चूक लिहिलेली आहे. चूक बरोबर करायची असते. हौशी कोरस इथं मनापासून चुकायला लागतो आणि मग वाद्यवृंदाशी जुळतच नाही. आधी चार-पाच तालमी पूर्ण गंभीरपणे, अगदी प्रार्थनेसारख्या घ्याव्यात. हावभाव शेवटच्या दोन तालमींत. शिवाय ही चेष्टा लोर्त्सिंगला पुस्तकातून सुचलेली नाही. असल्या तालमींत आयुष्य गेलेल्या माणसानं ती लिहिली आहे.

त्यानंतर लाकडी बुटांचं नृत्य. नाचणाऱ्यांच्या बुटांचा आवाज हेच तालवाद्य. फळ्या पोकळ असल्या तर तो आवाज वाद्यवृंदाला गिळतो. रंगमंचावर जाड सतरंजी टाकली तर बूट मुके होतात. पातळ चटई हा मधला मार्ग.

आणि झारचं प्रसिद्ध गीत: लहानपणी मी राजदंड, मुकुट आणि ताऱ्याशी खेळायचो, किती सुख, अजून मूल असतो तर. कडव्यांचं गाणं, चाल तीच, शेवटी तेच पालुपद. मायदेशी बंडाळी उठल्याची बातमी त्याच्या हातात आहे आणि त्याला परतायचंय. गायक प्रत्येक कडव्याला थोडा अधिक हळू होतो आणि तिसऱ्यापर्यंत गाणं सरबत होऊन जातं. लय एक धरावी. शब्द बदलतात तेवढा बदल पुरे. हेरमान प्राय त्याच 1966 च्या संचात हे जवळजवळ बोलल्यासारखं गातो.

शेवट सरळ आहे. इंग्रज राजदूतानं इवानोवला दिलेला परवाना घेऊन खरा झार जहाजानं निघतो, आणि मागं इवानोवच्या नावे लग्नाची परवानगी ठेवून जातो. वान बेटचा कॅन्टाटा चुकीच्या माणसासमोर होतो.

सोलापुरात बसून ऐकायचं कसं

इथं असला ऑपेरा रंगमंचावर येण्याची वाट पाहू नका. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात चाळीस माणसांचा वाद्यवृंद बसवायचा तर पुढच्या चार रांगा काढाव्या लागतील. पंधरा-वीस माणसं, एक हॉल, एक पडदा आणि एक निवेदक, एवढ्यावर चांगली बैठक होते.

चित्रफीत हवी असेल तर हॅम्बुर्ग ऑपेरानं 1969 मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेली ‘झार आणि सुतार’ घ्या. संचालन चार्ल्स मॅकेरस, वान बेट हान्स झोटिन, मारी लुचिया पोप. वेशभूषा जुन्या वळणाची आहे. तेच बरं, कोण कोण आहे ते कळतं. फक्त ध्वनी हवा असेल तर रोबर्ट हेगरच्या संचालनाखालचा ड्रेस्डेनचा संच: प्राय, पेटर श्रायर, फ्रिक, एरिका क्योट आणि फ्रेंच राजदूत निकोलाय गेडा. निवडक गाण्यांची एकाच तबकडीची आवृत्ती मिळते, ती सुरुवातीला नको. त्यात गद्य नसतं आणि गद्य नसलं की हा माणूस तिसऱ्या दर्जाचा चालकार वाटायला लागतो. ‘सौभद्र’ची नुसती पदं लागोपाठ लावली तर कृष्णाचा कावा कळेल का?

ध्वनिमुद्रण लावताना गद्याच्या जागी थांबा. दोन जणांनी मराठीत तो प्रवेश वाचावा, आणि पद सुरू होण्याआधी अर्धं मिनिट मूळ जर्मन गद्य ऐकू द्यावं, म्हणजे आवाज आणि माणूस यांची गाठ पडते. वाचन एका वेळी दीड-दोन मिनिटांपेक्षा लांबवू नये. लांबलं की तो कथाकथनाचा कार्यक्रम होतो. पदाचा अर्थ पद चालू असताना सांगू नये, आधी सांगावा, दोन ओळींत. पडद्यावर ओळी टाकणार असाल तर एका वेळी दोनच, आणि विनोदाची ओळ गायकाच्या आधी दिसता कामा नये. अर्धा सेकंद आधी आली तरी लोक आधी हसतात आणि गाणं त्यात बुडतं. पियानोसाठी केलेली स्वरलिपी आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ज्याला वाचता येते त्यानं ती घेऊन निवेदकाशेजारी बसावं आणि थांबायची खूण करावी.

आवाजाचं एक तांत्रिक दुखणं आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात फार अंतर असतं. उन्हाळ्यात चार पंखे फुल्ल चालू असतात. षट्कासारखी कुजबुज त्यात विरते. कुणीतरी उठून आवाज वाढवतो, आणि पाच मिनिटांनी कोरस आला की स्पीकर फाटतो. म्हणून बैठकीआधी तिसऱ्या अंकातला मोठ्यातला मोठा कोरस लावून आवाजाची वरची मर्यादा ठरवा आणि बटणाला नंतर हात लावू नका. टीव्हीवर ऐकत असाल तर ‘नाइट मोड’ चालू करा, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं. एरवी रसिक नाक मुरडतात, पण पंख्यांसमोर तोच कामाला येतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर ऐकूच नये. खालचे सूर त्यात येत नाहीत, म्हणजे फगॉट गेलं, म्हणजे वान बेटचं गीत अर्धं गेलं.

तीन अंक एका बैठकीत बसतात. मध्ये एकच मध्यंतर, तेही दुसऱ्या अंकानंतर. पहिल्यानंतर चहा ठेवला तर घोळ कुणाचा कुणाशी चाललाय ते लोक विसरून येतात.

बाकीची कामं

‘डेर विल्डशुट्स’, म्हणजे चोरून शिकार करणारा, हा 31 डिसेंबर 1842 चा. जाणकार याला त्याचं सर्वोत्तम काम मानतात आणि ते योग्यच आहे. बाकुलुस नावाचा म्हातारा शाळामास्तर स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीसाठी काउंटच्या, म्हणजे तिथल्या सरदाराच्या, राखीव रानात हरीण मारतो आणि नोकरी जायची वेळ येते. ओव्हर्चरमध्येच, म्हणजे पडद्याआधीच्या वाद्यसंगीतात, बंदुकीचा एक बार आहे. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. पुढं वेशांतरांचा गुंता इतका की कागदावर नावं मांडून ठेवावीत. दुसऱ्या अंकात बिलियर्डच्या टेबलाभोवतीचं पंचक आहे: खेळ, डाव, इश्कबाजी आणि मास्तरनं लावलेलं धार्मिक भजन, सगळं एकाच वेळी. अंकाच्या शेवटी बाकुलुसला त्याची वधू सोडायचे पाच हजार टालर, म्हणजे चांदीची जुनी जर्मन नाणी, देऊ केले जातात. त्यानंतरचं ‘पाच हजार टालर’ हे त्याचं एकट्याचं गाणं या ऑपेराचा कणा आहे. गरीब माणूस पैशाचा आकडा परत परत उच्चारून पाहतो, प्रत्येक वेळी वेगळ्या सुरात. इथं नुसता लोभी म्हातारा दाखवला की प्रसंग ओंगळ होतो. त्याला भूक दिसली पाहिजे. आणि हरीण? ते त्याचंच गाढव होतं, असं शेवटी निघतं. बेर्नहार्ड क्लेच्या संचालनाखालचा बर्लिनचा संच घ्या. मास्तर पुन्हा हान्स झोटिन. यातल्या काउंटेसला सोफोक्लीसचं वेड आहे आणि ती नोकरांनाही ग्रीक शोकांतिका ऐकवते. त्या सुमारास मेंडेल्सझोनच्या संगीतासह सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’चे प्रयोग गाजत होते, त्याची ही टर.

‘उंडीना’ (1845, माग्डेबुर्ग) ही जलपरीची गंभीर कथा. चाली सुंदर, पण लोर्त्सिंगला गंभीर लांब उड्या झेपत नाहीत. त्यातले दोन विनोदी नोकरच जास्त जिवंत आहेत. ‘शस्त्रकार’ (1846, व्हिएन्ना) हलकं आणि घरगुती. म्हाताऱ्या श्टाडिंगरचं ‘मीही होतो कुरळ्या केसांचा तरुण’ एवढं ऐकलं तरी चालेल. 1840 चा ‘हान्स झाक्स’ मात्र उत्सुकतेपोटी चाळा: न्यूरेम्बर्गच्या चांभार कवीवरचा, वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’च्या अठ्ठावीस वर्षं आधीचा.

पैसा कुठं गेला

इतके प्रयोग होऊनही माणूस कंगाल का? कारण रॉयल्टी नव्हती. फ्रान्समध्ये नाटककाराला प्रयोगागणिक वाटा देणारा कायदा 1791 पासून होता. जर्मन राज्यांत रिवाज असा, की थिएटरनं स्वरलिपीची प्रत एकदा मानधन देऊन घ्यायची आणि मग हवे तितके प्रयोग करायचे. शंभरावा प्रयोग हाउसफुल्ल गेला तरी लेखकाच्या हाती छदाम नाही. त्यात नकलनवीस चोरून प्रती विकायचे. म्हणजे नवं नाटक लिहिलं तरच पैसा, आणि लिहायला वेळ हवा तर नोकरी हवी.

आपल्याकडं किर्लोस्करांनी मंडळी स्वतःची काढली. गल्ल्याची पेटी आपल्याच बिऱ्हाडात. मंडळ्या पुढं कर्जातही बुडाल्या, तो भाग वेगळा. पण चाललेल्या नाटकाचं उत्पन्न नाटक लिहिणाऱ्याच्या घरातून फिरायचं. लोर्त्सिंगला हे कधीच जमलं नाही. लाइपझिगमध्ये 1844 ला व्यवस्थापन बदललं, तो नटाचा कपेलमाइस्टर झाला, म्हणजे वाद्यवृंदाचा प्रमुख, आणि पुढच्याच वर्षी त्याला काढलं. 1846 पासून व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनला तेच काम. मग 1848 उजाडलं.

त्या वर्षी क्रांतीनं व्हिएन्ना पेटलं असताना त्यानं ‘रेगिना’ लिहिलं. शब्दही त्याचेच. पडदा उघडतो तो कारखान्यात: कामगार कामावर नाहीत, संपावर आहेत, आणि कोरस त्यांचा आहे. ज्या शहरात 1877 साली पहिली गिरणी उभी राहिली आणि अर्धं गाव भोंग्यावर उठायचं, त्या शहरात हा कोरस ऐकताना संदर्भ समजावून द्यावा लागत नाही. तरी ‘रेगिना’ला प्रचारनाट्य समजू नका. संपवाले समजुतीनं परततात. खलनायक आहे तो हिंसेच्या वाटेनं निघालेला श्टेफान, जो मालकाच्या मुलीला, रेगिनाला, पळवून नेतो. शेवटी तो दारूगोळ्याचं कोठार उडवायला निघतो आणि रेगिनाच त्याला गोळी घालते. म्हणजे लेखक कामगारांच्या बाजूचा खरा, पण भडक्याला भ्यालेला. लाइपझिगच्या थिएटरात एकेकाळी कचेरीत काम करणारा त्याचा जुना सहकारी रोबर्ट ब्लुम याच वर्षी 9 नोव्हेंबरला व्हिएन्नात गोळ्या घालून मारला गेला. सोलापूरनं 1930 चा मार्शल लॉ आणि त्यानंतरच्या चार फाशी पाहिलेल्या आहेत. त्या भीतीचं वजन इथं सांगायला नको.

‘रेगिना’ रंगमंचावर आलं नाही. नोकरी गेली. पुन्हा छोट्या गावांत नट म्हणून उभं राहणं आलं. 1850 मध्ये बर्लिनच्या फ्रीडरिश-विल्हेल्म-श्टाटिश या दुय्यम थिएटरात कपेलमाइस्टरची जागा मिळाली. हलकी प्रहसनं आणि त्यांतली किरकोळ पदं वाजवायची. शेवटचा एकांकी ऑपेरा ‘ऑपेराची तालीम’: एका संगीतवेड्या काउंटच्या वाड्यात नोकरी हवी तर वाद्य वाजवता आलं पाहिजे, त्यामुळं सगळे गडी-मोलकरणी वाद्यवृंदात. हसरं, नीटनेटकं, तासाभराच्या आतलं. 20 जानेवारी 1851 ला फ्रँकफर्टला त्याचा पहिला प्रयोग झाला. लोर्त्सिंग बर्लिनमध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झटका येऊन गेला. वय 49. मागं राहिलेल्या कुटुंबासाठी थिएटरांनी मदतीचे प्रयोग लावले.

‘रेगिना’ ऐकायचं असेल तर एक खबरदारी घ्या. 1899 मध्ये बर्लिनच्या दरबारी ऑपेरानं ते प्रथम केलं तेव्हा नाटक पार बदलून टाकलं होतं: संप गेला, गोष्ट 1813 च्या नेपोलियनविरोधी लढाईत नेली, आणि कामगारांच्या जागी देशभक्त आले. जुन्या ध्वनिमुद्रणांत आणि स्वरलिपींत तीच संहिता असू शकते. उल्फ शिर्मरच्या संचालनाखाली म्युनिक रेडिओ वाद्यवृंदानं केलेला सीपीओ या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीचा संच मूळ 1848 च्या संहितेवरचा आहे. कुठलीही प्रत हाती आली की आधी पहिला प्रवेश बघा. तिथं कारखाना नसेल तर ठेवून द्या.